मजा येते म्हणून

एखादं चांगलं काम करताना मजा येत असेल, तर ते काम थोडं कमी चांगलं ठरतं का? प्रश्न वरवर पाहता फालतू वाटतो. मजा आली तर आली, काम झालं ना? पण आपल्या भाषेकडे जरा नीट पाहिलं तर लक्षात येतं, की आपण याचं उत्तर कधीच ‘हो’ असं देऊन टाकलेलं आहे. चांगलं काम करणाऱ्या माणसाबद्दल बोलताना आपण म्हणतो: त्याने रक्ताचं पाणी केलं, हाडाची काडं केली, खस्ता खाल्ल्या, चंदनासारखा झिजला. सगळीकडे झीज आहे. ‘त्यांनी आयुष्यभर मजेत समाजसेवा केली’ हे वाक्य मराठीत टोमण्यासारखं ऐकू येतं.

हा प्रश्न माझ्यापुढे टाकला तो माझ्या मामांनी. मामा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मी म्युनिकमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. दर गुरुवारी दुपारी लॅपटॉप मिटतो, ट्राम पकडतो आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेत मुलांच्या विभागात तासभर गोष्टी वाचून दाखवतो. पैसे मिळत नाहीत. हे फोनवर सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, “का रे, तिथल्या पोरांना वाचून दाखवायला तिथली माणसं नाहीत व्हय?” मी म्हटलं, “आहेत, पण मला मजा येते.” त्यावर ते म्हणाले, “मजा येते म्हणून जातोस, तर जा की. पण त्याला सेवा म्हणू नकोस. आणि हौसच भागवायची, तर आपल्या शाळेतल्या पोरांनी काय घोडं मारलंय?”

यात दोन आक्षेप आहेत. पहिला हेतूबद्दल: मजेसाठी केलेलं काम नैतिकदृष्ट्या हलकं. दुसरा जागेबद्दल: जिथे गरज जास्त आणि नातं जवळचं, ते सोडून भलतीकडे. मामांना उलटून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी विषय बदलला. पण आक्षेप चांगले होते, आणि चांगल्या आक्षेपांना विषय बदलून उत्तर मिळत नाही.

आधी मजा म्हणजे नक्की काय, ते सांगतो. त्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

इथे मुलांना वाचून दाखवणाऱ्या स्वयंसेवकाला ‘लेझेपाटे’ म्हणतात. ‘लेझेन’ म्हणजे वाचणं आणि ‘पाटे’ म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची जबाबदारी घेणारा धर्मपिता. तर हा वाचनापुरता धर्मपिता. ते होण्याआधी चारित्र्याचा विस्तारित सरकारी दाखला आणावा लागतो. मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीचा हा वेगळा दाखला आहे, आणि स्वयंसेवकांना त्याची फी माफ असते. स्वयंसेवेला इथला शब्द आहे ‘एरेनआम्ट’. ‘एरे’ म्हणजे मान, ‘आम्ट’ म्हणजे पद किंवा सरकारी कचेरी. आपल्या ‘मानद’च्या जवळचा शब्द. आपल्या ‘सेवे’त मान खाली असते, यांच्या शब्दात ती ताठ आहे.

वाचून दाखवायला अनेकदा ‘कामिशिबाई’ वापरतात. ही मूळची जपानची गोष्ट: एक लाकडी चौकट, तिला नाटकाच्या पडद्यासारखी दारं, आत चित्रांचे पुठ्ठे. एकेक चित्र बाजूने ओढून काढायचं, की मागचं पुढे येतं. मजकूर पुठ्ठ्याच्या मागे असतो. जपानमध्ये १९३०च्या दशकात हे खेळ करणारे सायकलवरून गल्लोगल्ली फिरत. त्यांची कमाई गोष्टीची नव्हे, गोळ्यामिठाईची. जो मिठाई घेईल त्याला पुढे बसायला मिळे. पुढे टेलिव्हिजन आला आणि हे फिरते कथेकरी रस्त्यावरून दिसेनासे झाले. आज जर्मनीतल्या ग्रंथालयांमध्ये ती चौकट सर्रास दिसते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कुडाळजवळची पिंगुळी आठवली. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी हेच करते: सुट्ट्या चित्रांची पोथी, एकामागून एक चित्र समोर धरायचं आणि गात-बोलत रामायण-महाभारतातली कथा सांगायची. मी सातारचा, चित्रकथी पाहिली ती कॉलेजच्या सहलीत. तिची ओळख पटावी म्हणून म्युनिकला यावं लागलं, हा आमच्या पिढीचा नेहमीचा उलटा प्रवास.

तर मजा. चौकटीची दारं उघडताना दहा-पंधरा मुलं एकदम गप्प होतात. हा क्षण मला ऑफिसात कधीही मिळत नाही. तिथे मी स्क्रीन शेअर केली की लोक आपापला फोन काढतात. दुसरी मजा भाषेची. माझं जर्मन कामचलाऊ आहे. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, पण वाटणी वेगळी. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. इंग्रजीवरून येणाऱ्याला याचा राग येतो. मला नाही येत, कारण तो चमचा, ती सुरी, ते ताट असं करत मी मोठा झालो. मुलं मला लिंगं शिकवतात आणि मी त्यांना आमची सांगतो. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. आमच्याकडे दोघेही पुरुष, असं सांगितल्यावर एक सहा वर्षांची मुलगी खूप वेळ विचारात पडली आणि म्हणाली, “मग दिवसा घरी कोण असतं?” तिच्या डोक्यात नक्की कोणतं घर होतं मला माहीत नाही, पण त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो.

तिसरी मजा एका मुलाची. तो दर गुरुवारी तेच पुस्तक आणायचा. एका अस्वलाची साधी गोष्ट होती. शेवट त्याला पाठ होता, आणि तरीही शेवटच्या आधीच्या पानावर तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. पुढे काय होणार हे माहीत असताना माणूस इतका उत्सुक कसा राहू शकतो, हे मला त्याच्याकडून कळलं. कीर्तनाला बसलेल्या माझ्या आजीकडून ते कळायला हवं होतं, पण तेव्हा मी मोबाइल बघत होतो. चौथी मजा मागच्या खुर्चीवरची. मुलाला घेऊन येणारी एक आई मी वाचत असताना ओठांची हालचाल करत शब्द पुटपुटते. तीही जर्मन शिकतेय. आम्ही दोघं एकाच इयत्तेत आहोत, फक्त मला पुढे उभं केलंय.

आता सांगा, यात त्याग कुठे आहे? मामांचं निरीक्षण बरोबर आहे. नाहीच.

हेतूच्या आक्षेपाचा सगळ्यात कडक वकील जर्मनच आहे. इमॅन्युएल कान्टने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्राच्या छोट्या पण जड पुस्तकात जणू माझंच उदाहरण घेतलंय. काही माणसं स्वभावतःच इतकी कनवाळू असतात, की कोणताही स्वार्थ किंवा दिमाख नसताना त्यांना आजूबाजूला आनंद पसरवण्यात आनंद वाटतो. कान्ट म्हणतो, त्यांचं कृत्य प्रेमळ आहे, स्तुतीला आणि उत्तेजनाला पात्र आहे, पण त्याला खरं नैतिक मोल नाही. आता समजा, अशाच माणसावर दुःखाचा डोंगर कोसळला, इतरांबद्दलची कणव पार आटली, आणि तरीही केवळ कर्तव्य म्हणून तो उठला आणि मदतीला गेला. त्या कृत्याला खरं मोल आहे.

हे वाचून कान्टच्याच काळात कवी शिलरने त्याची टर उडवली होती: मित्रांना मदत करताना आनंद होत असेल, तर नीतिमान होण्यासाठी आधी त्यांचा तिरस्कार करायला शिकावं लागेल, अशा अर्थाची. टर मजेदार आहे, पण अन्यायाची आहे. कान्ट कुठेही आनंद वाईट म्हणत नाही. त्याच्याच १७९७च्या ग्रंथात तो सांगतो, की सहानुभूती जोपासणं हेही अप्रत्यक्षपणे आपलं कर्तव्य आहे; त्यासाठी गरीब, आजारी, कैदी यांच्या जागा टाळू नयेत. त्याचा मुद्दा वेगळा आहे आणि इंजिनियरला तो चटकन कळतो. एखादी यंत्रणा चांगली आहे की नाही हे सगळं सुरळीत चालू असताना कळत नाही. लोड वाढला, नेटवर्क गेलं, तेव्हा कळतं. आनंद हा सुरळीत दिवस आहे. कान्ट विचारतोय, की आनंद काढून घेतला तर मागे काय उरतं?

समोरच्या बाजूला अ‍ॅरिस्टॉटल आहे. त्याच्या मते ज्याला न्यायाने वागण्यात आनंद वाटत नाही त्याला कोणी न्यायी म्हणणार नाही, आणि ज्याला देण्यात आनंद नाही त्याला उदार म्हणणार नाही. दात-ओठ खाऊन पैसे देणारा माणूस दानशूर होण्याच्या वाटेवर असेल, अजून पोचलेला नाही. आनंद ही गुण अंगात मुरल्याची खूण आहे.

मामा गीता वाचतात, म्हणून तिथेही पाहिलं. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. द्यायला हवं म्हणून, परतफेड न करणाऱ्याला, योग्य देश-काळ-पात्र पाहून दिलेलं ते सात्त्विक. राजस दानाचं वर्णन मला जास्त महत्त्वाचं वाटलं. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेलं दान तर राजस आहेच, पण मनाला क्लेश करून घेत, कुरकुरत दिलेलंही त्याच खान्यात टाकलंय. म्हणजे ज्या झिजण्याचं आपल्याला इतकं कौतुक, ते कुढत केलं असेल तर गीता त्याला पहिला नंबर देत नाही.

मग मोजायचं काय? मला वाटतं, ‘मजा आली का’ हा प्रश्न अपुरा आहे. मजा कशाची आली, हे विचारायला हवं.

स्वयंसेवेत निदान दोन वेगळ्या मजा असतात आणि त्या बाहेरून सारख्या दिसतात. एक मजा असते ‘मी चांगलं काम करतोय’ या चित्राची. त्या चित्रात मी मध्यभागी असतो, मुलं कडेने. दुसरी असते समोर घडणाऱ्या गोष्टीची: ते गप्प होणं, तो सूर्याच्या घरचा प्रश्न. तिथे मी कडेला असतो. यांच्यातला फरक एरवी दिसत नाही, पण एक कसोटी आहे. ज्याला मदत करतो, त्याला आपली गरज उरली नाही, की काय वाटतं?

तो अस्वलवाला मुलगा या वर्षी शाळेत जायला लागला. वसंत ऋतूत एका गुरुवारी त्याने नेहमीप्रमाणे पुस्तक उचललं, पण माझ्याकडे आला नाही. कोपऱ्यातल्या गादीवर पालथा पडून बोटाने अक्षरं शोधत स्वतःच वाचायला लागला. शेवटच्या आधीच्या पानावर त्याने बोट तसंच ठेवून एका हाताने तोंड झाकलं. मला त्या क्षणी आत थोडं खट्टू वाटलं, आणि त्याच वेळी खूप बरंही वाटलं. दोन्ही मजा एकाच वेळी उघड्या पडल्या. पहिलीचं नुकसान झालं होतं, दुसरीचा फायदा. मग माझ्यात दोन्ही आहेत, आणि दुसरी जास्त आहे, असा माझा हिशेब आहे. कान्टला तो पुरणार नाही, मला पुरतो.

पहिल्या मजेचा धंदा केला की काय होतं, याचं उदाहरण कंबोडियात आहे. पर्यटनाबरोबर तिथे अनाथाश्रम वाढत गेले, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी तरुण पैसे भरून यायचे, आठवडा-दोन आठवडे मुलांना खेळवायचे, फोटो काढायचे आणि जायचे. मुलं दर पंधरवड्याला नव्या दादा-ताईंना जीव लावायची. त्या तरुणांपैकी बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. चूक रचनेत होती. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की पैसे कोण देतंय ते बघ, वस्तू त्याच्यासाठी बनते. जिथे स्वयंसेवक पैसे देतो, तिथे ग्राहक स्वयंसेवक असतो आणि त्याचा आनंद हा माल. मग अनाथ मुलं कमी पडली, तर ती ‘तयार’ होतात.

इव्हान इलिचने हे फार आधी ओळखलं होतं. १९६८च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोत, उन्हाळी सेवाकार्याला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्याने भाषण केलं. ज्यांनी बोलावलं त्यांनाच त्याने सांगितलं, की तुमचे चांगले हेतू घेऊन घरी जा. इथे पाहायला या, डोंगर चढा, फुलांचा आनंद घ्या, शिकायला या. मदत करायला येऊ नका. मला या भाषणातली सगळ्यात गंमतशीर गोष्ट ही वाटते, की इलिच आनंदावर बंदी घालत नाही. उलट आनंद घेणं हीच प्रामाणिक गोष्ट आहे असं सुचवतो. त्याचा राग आहे तो आनंदावर ‘मदत’ असं लेबल लावण्यावर. मामा आणि इलिच एकमेकांना भेटले असते तर त्यांचं जमलं असतं.

मग ग्रंथालयातली माझी मजा त्या अनाथाश्रमातल्या मजेहून वेगळी कशी? एका साध्या गोष्टीमुळे: इथली मुलं उठून जाऊ शकतात. आणि जातात. मी अस्वलाचा आवाज नीट काढला नाही, तर तीन मुलं मधेच उठतात आणि कॉमिक्सच्या रॅककडे निघून जातात. कोणी त्यांना ‘बस खाली’ म्हणत नाही. शाळेत हजेरी असते, घरी आई असते, देवळात आजी असते. ग्रंथालय ही लहान मुलाच्या आयुष्यातली जवळपास एकच संस्था आहे, जिथे त्याला काय आवडतं यावर सगळं चालतं. ज्याला उठून जायची मुभा आहे, तो बसून राहिला, तर त्याच्या बसण्याला अर्थ असतो. माझी मजा त्यांच्या मजेवर अवलंबून आहे आणि त्यांची मजा त्यांच्या ताब्यात आहे. मुलं मला नावाने हाक मारतात आणि सरळ अरे-तुरे करतात, हेही मला यामुळेच आवडतं. उपकार करणाऱ्याला कोणी अरे-तुरे करत नाही.

आणखी एक गोष्ट मला कान्टच्या उदाहरणात सापडत नाही. बुडणाऱ्याला बाहेर काढणं, भुकेल्याला जेवण देणं ही कामं कुरकुरत केली तरी होतात. पोट भरतं. पण काही कामं अशी आहेत, की ती आनंदाशिवाय होतच नाहीत. गोष्ट वाचून दाखवणं त्यातलं आहे. कर्तव्य म्हणून वाचलेली गोष्ट तहसील कचेरीतल्या परिपत्रकासारखी ऐकू येते, आणि पाच वर्षांच्या मुलाला हे दुसऱ्या वाक्याला कळतं. त्या जपानी मिठाईवाल्याचा हेतू गोळ्या विकण्याचा होता, पण गोष्ट सांगताना तो स्वतः रंगला नसता, तर गोळ्याही खपल्या नसत्या. वाचून दाखवण्यातला आनंद म्हणजे जेवणानंतरची बडीशेप नव्हे, आमटीतलं मीठ आहे.

राहिला मामांचा दुसरा आक्षेप: जागेचा. ‘आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय?’

याचं हिशेबी उत्तर पीटर सिंगरकडे आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, तेव्हा त्याने एक निबंध लिहिला. तो १९७२ला छापून आला. तळ्यात बुडणारं मूल समोर दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूरच्या मुलासाठी का थांबतो? त्याच्या मते अंतराला नैतिक अर्थ नाही. हा युक्तिवाद मामांच्या ‘आपली पोरं’ला तर छेद देतोच, पण माझ्या गुरुवारालाही देतो. माझ्या एका तासाच्या पगारात सातारच्या एखाद्या शाळेला बालपुस्तकांचा छोटा गठ्ठा येऊ शकतो. म्युनिकच्या ग्रंथालयात पुस्तकांची कमी नाही. सिंगर म्हणेल, तो तास जास्तीचं काम कर आणि पैसे पाठव.

मला वाटतं, सिंगर बरोबर आहे, आणि त्याने माझा गुरुवार रद्द होत नाही. पैसे पाठवणं ही कर्तव्याच्या वहीतली नोंद आहे. ती मी करतो, आणि ती करताना मजा येत नाही. बँकेचं अ‍ॅप उघडून रक्कम टाकण्यात कसली मजा? पण ती न येण्याने काही बिघडत नाही, पुस्तकं पोचतात. तिथे कान्ट पुरतो. घोळ तेव्हा होतो, जेव्हा आपण मजेचं काम कर्तव्याच्या वहीत लिहितो आणि वाटून घेतो, की आपलं देणं फिटलं. दर गुरुवारी अस्वलाचा आवाज काढल्याने सातारच्या शाळेचं माझ्यावरचं ऋण एका पैशानेही कमी होत नाही. म्हणून मामांचा ‘सेवा म्हणू नकोस’ हा सल्ला मी शब्दशः मानला आहे. मात्र सेवा नाही म्हणून ते काम बिनमोलाचं, हे मी मानत नाही.

आणि ‘तिथली माणसं नाहीत व्हय’ या प्रश्नाला याच शहराच्या इतिहासात एक उत्तर आहे.

येला लेपमान ही स्टुटगार्टची ज्यू पत्रकार. नाझींमुळे १९३६ साली इंग्लंडला निघून गेली. १९४५ साली अमेरिकन सैन्याची सल्लागार म्हणून ती उद्ध्वस्त जर्मनीत परतली. मुलांसाठी काय करता येईल हे पाहणं तिचं काम होतं. लोकांना भाकरी नव्हती, डोक्यावर छप्पर नव्हतं. तिने वीस देशांना पत्रं लिहून मुलांची पुस्तकं मागितली. ज्या देशांवर जर्मनीने आक्रमण केलं, त्यांच्याकडेही. बेल्जियमचा आधी नकार आला: दोनदा आमच्यावर चालून आलेल्यांना पुस्तकं कशी पाठवू? तिने पुन्हा लिहिलं आणि पुस्तकं आली. १९४६च्या जुलैत म्युनिकमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, तेही हिटलरने आपल्या पसंतीच्या कलेसाठी बांधून घेतलेल्या इमारतीत. लढायला नकार देऊन फुलांचा वास घेत बसणाऱ्या फर्डिनांड बैलाची अमेरिकन गोष्ट तिने स्वतः जर्मनमध्ये उतरवली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर छापून मुलांना फुकट वाटली. १९४९ साली म्युनिकमध्येच आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय सुरू झालं. १९८३पासून ते शहराच्या पश्चिमेला ब्लुटेनबुर्ग नावाच्या छोट्या किल्ल्यात आहे.

जर्मन मुलांना वाचून दाखवायला त्या वेळी त्यांची माणसं होती. पण ‘आपली माणसं’ एवढंच जग असलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हे जग नुकतंच पाहून बसलं होतं. परक्याने, त्यातही ज्याला रागवायचा हक्क आहे अशा परक्याने, गोष्ट पाठवावी, यात जवळच्या माणसाला न जमणारं काहीतरी होतं.

माझं काम त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही. पण आमच्या शाखेत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी तुर्की, अरबी, युक्रेनियन बोलतात. शाळेत त्यांना दिवसभर अस्खलित जर्मन बोलणारी मोठी माणसं भेटतात आणि अडखळणारी ती स्वतः असतात. गुरुवारी एक दाढीवाला मोठा माणूस त्यांच्यासमोर अडखळतो, त्याला ती दुरुस्त करतात, तो ‘बरोबर, धन्यवाद’ म्हणतो आणि पुढे वाचतो. जगबुडी होत नाही. हे काम इथला शुद्ध जर्मन बोलणारा निवृत्त गृहस्थ माझ्यापेक्षा शंभरपट सुंदर वाचूनही करू शकत नाही. माझी योग्यता माझ्या कामचलाऊपणात आहे. असं कारण मला दुसऱ्या कोणत्याही नोकरीत सांगता येणार नाही.

आता कान्टच्या त्या लोड टेस्टबद्दल. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. प्रॉडक्शनवर काहीतरी कोसळलेलं असतं, बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत असतं, आणि ग्रंथालयात कधी दोनच मुलं येतात, त्यातलं एक शिंकत असतं. अशा गुरुवारी मजा येत नाही. अशा गुरुवारी मी का जातो? सेवाभावाने नाही, आणि मानवजातीबद्दलच्या कर्तव्यानेही नाही. दारावर कागद लावलेला असतो, ‘गुरुवारी चार वाजता गोष्ट’, आणि शिंकणारं मूल तो कागद खरा मानून आलेलं असतं, म्हणून जातो. मजा मला तिथपर्यंत घेऊन गेली, पण मजेने मी एक शब्द देऊन बसलो, आणि शब्दाला मजेची अट नसते. मला वाटतं कान्ट आणि अ‍ॅरिस्टॉटल यांचं भांडण निदान या एका खोलीपुरतं असं मिटतं: काम चांगलं होतं ते आनंदाने, आणि भरवशाचं होतं ते शब्दाने. नुसत्या आनंदावर चालणारा माणूस नोव्हेंबरात गळतो. नुसत्या शब्दावर चालणाऱ्याचं ऐकायला मेमध्येही कोणी बसत नाही.

माझा प्रोजेक्ट पुढच्या मार्चमध्ये संपतो. त्यानंतर मी इथे असेन की पुण्यात, हे माझ्या हातात नाही. ग्रंथालयातल्या बाईंना मी ते आत्ताच सांगून ठेवलंय, म्हणजे कागदावरचा गुरुवार रिकामा राहणार नाही. मुलांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, कामिशिबाईची चौकट तू घेऊन जाणार का? मी म्हटलं, नाही, ती इथलीच आहे. “मग ठीक आहे,” असं म्हणून ती कॉमिक्सकडे वळली.